मामंजींच्या पोटातला समुद्र

"जमिनीवर घाल गं. घोडं मान खाली घालून खातं. त्याला वर बघायला लावू नकोस."

आईचं हे वाक्य तिला रोज पहाटे ऐकू यायचं... गवताचा भारा काखेत मारून ती तबेल्याच्या दारातून बाहेर पडली की अगदी कानाशी. आई तिच्या शेवटच्या आजारपणात फार बोलली नव्हती. रडली तर मुळीच नव्हती. फक्त लेकीचा हात हातात घेऊन एवढंच म्हणाली होती, आणि लेकीनं मान हलवली होती. तेव्हापासून त्याचा नेमच झाला. ताप असो, पाऊस असो, अंग दुखत असो, मामंजींचं गवत पहाटे तिच्याच हातून आणि जमिनीवरच पडायचं.

मामंजी म्हणजे घोडा.

ही गोष्ट ज्याला ठाऊक नसेल त्याचा घोटाळा व्हायचाच. तसा तो त्या दिवशी झाला. मामंजींचं पोट बरेच दिवस बिघडलं होतं. दोन दिवस बरं, की पुन्हा पातळ. त्या सकाळी तर शेपटीपासून टाचेपर्यंत सगळा हिरवा ओघळ बघून तिचा धीर सुटला आणि तिनं नेहमीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा नंबर फिरवला.

"डॉक्टर, मामंजींना पुन्हा पातळ झालंय हो!"

पलीकडून एक तरुण, अनोळखी आवाज चाचरत म्हणाला, "वहिनी... हा जनावरांचा दवाखाना आहे."

"हो मग! तिथेच तर केलाय मी फोन."

"नाही, म्हणजे... मोठे डॉक्टर आता येत नाहीत, मी बघतो सगळं. पण मामंजींना तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे—"

"माणसांचा डॉक्टर जवळ तरी येईल का? लाथ घालतील ते."

"लाथ!... वय काय त्यांचं?"

"बावीस."

"मामंजींचं?"

"हो. आणि शेपटीची दशा तर विचारूच नका. रोज धुतेय मी."

यावर पलीकडून जो आवाज आला तो खोकला होता की हसू, हे तिला कळलं नाही. "येतो," तो म्हणाला. "असे मामंजी बघायलाच हवेत."

तो आला तेव्हा ती कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होती. एका हातात शेपटी, दुसऱ्या हातात मग, केसांची बट तोंडात. मोटरसायकल फाटकाशी थांबली. तिच्यावरून एक उंच, सडपातळ तरुण उतरला, खांद्याची बॅग सावरली, हसरा चेहरा करून पुढे आला आणि आपला पांढराशुभ्र, कोरा करकरीत बूट नेमका त्याच जागी ठेवला जिथे मामंजींनी नुकताच आपल्या आजाराचा पुरावा सोडला होता.

"या डॉक्टर," ओसरीवरून तिचे वडील म्हणाले, "नमुना पायाशीच आहे."

वडिलांना सगळे अप्पा म्हणत. घोडेस्वारी शिकवायची शाळा त्यांचीच. मोजकेच घोडे, वाळूचं रिंगण, पत्र्याचे तबेले आणि सुट्टीच्या दिवशी आयांचा हात धरून येणारी मुलं. अप्पांची जीभ लगामाशिवाय चालायची.

डॉक्टरनं बुटाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "नमस्कार वहिनी. हेच मामंजी ना?"

अप्पा असे हसले की खुंटीवरचं खोगीर हललं. "वहिनी नाही हो ती! लेक माझी. लग्नबिग्न काही नाही अजून."

"मग मामंजी...?"

"ती हिच्या आईची करणी. मला वडील नव्हते, म्हणजे तिला सासरा नव्हता. हा घोडा आणला तेव्हापासून याचा असा तोरा... पाणी शिळं असलं की बादली उलटी करणार, खरारा उशिरा झाला की पाठ फिरवून उभा राहणार. ती म्हणायची, सासऱ्याची सगळी हौस यानं भागवली. म्हणून मामंजी. ती हाक मारायची मामंजी, म्हणजे मी कोण झालो सांगा? घोड्याचा मुलगा!"

"आणि मी लहानपणापासून आईचं ऐकून तेच म्हणायला लागले," ती म्हणाली, आणि तोंडातली बट काढली.

डॉक्टर हसला. त्याचं हसू आधी डोळ्यांत यायचं आणि ओठांवर सावकाश उतरायचं, एखाद्या सभ्य पाहुण्यासारखं. तिला ते दिसलं. तिनं पटकन मगाकडे बघितलं.

तपासणी मात्र त्यानं मन लावून केली. आधी मामंजींच्या मानेवर हात ठेवून "परवानगी आहे ना?" असं विचारलं. माणसांशी बोलताना तो चाचरायचा. घोड्याशी बोलताना त्याचा आवाज कसा सरळ, मऊ व्हायचा. ताप पाहिला, हिरड्या दाबून पाहिल्या, तोंड उघडून दाढांवरून बोट फिरवलं. एका दाढेचं टोक वाढलं होतं, ते घासून दिलं. जंत आहेत का बघायला लीद डबीत भरून घेतली.

"खाणं काय?" त्यानं विचारलं.

"वाळलं गवत, आणि दुपारी हिरवं. कधी ओढ्याकडचं, कधी मळ्यातलं. जसं मिळेल तसं."

"जसं मिळेल तसं नको. घोड्याच्या पोटात असंख्य बारीक जीव असतात, गवत पचवायचं काम त्यांचं. रोज नवा पदार्थ आला की ते बावचळतात. बदल करायचा तो हळूहळू. सध्या ओलं गवत बंद, वाळलं भरपूर, पाणी स्वच्छ. आणि यांनी खाणं सोडलं, ताप आला किंवा सारखे पोटाकडे वळून बघायला लागले, तर कुठलीही वेळ असो, मला बोलवायचं."

तबेल्यातल्या प्रत्येक कप्प्यात गवताची जाळी टांगलेली त्याला दिसली, मामंजींच्याही. ती पाहून त्यानं मान डोलावली आणि पुढचं काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही.

तो निघताना अप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, खरं सांगा. बरा होईल? नसेल तर पहिल्या तारखेला ट्रक सांगून ठेवलाय. माझा एक मित्र आहे लांब, डोंगरापलीकडे. मोठं कुरण आहे त्याचं. तिथे राहील म्हातारा."

तिच्या हातातला मग खाली पडला.

"अप्पा, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"काय सांगू? मुलांच्या आया नाक धरून उभ्या राहतात. काल त्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, आमची मुलगी त्या घाणेरड्या घोड्यावर बसणार नाही. आणि तू... हात बघ तुझे, साबणानं सालपटलेत." अप्पा हे बोलले खरे, पण बोलताना त्यांनी घोड्याकडे एकदाही पाहिलं नाही. आई गेल्यापासून ते मामंजींच्या कप्प्यापाशी फिरकतच नसत, हे तिला माहीत होतं. कारण मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टर बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत उभा होता. "पहिल्या तारखेला वेळ आहे अजून," तो म्हणाला. "ताई, तुम्ही असं करा—"

"ताई नका म्हणू!" ती एकदम म्हणाली. आणि मग जीभ चावली.

"बरं... मग... अहो," तो म्हणाला, "रोज सकाळी मला लीदीचा फोटो पाठवा."

"आत्ताच अहो?" ओसरीवरून अप्पा.

असा तो पत्रव्यवहार सुरू झाला. जगात कुणी कुणाला पहाटे फुलांचे फोटो पाठवतं, कुणी उगवत्या सूर्याचे. ती लीदीचे पाठवायची. आणि उत्तरं यायची—

"कालच्यापेक्षा बरं. गोळे धरायला लागलेत."

"कडेचं पाणी अजून आहे. पण रंग छान."

"आज तर अगदी देखणं!"

हे शेवटचं अप्पांनी तिच्या खांद्यावरून वाचलं. "देखणं कोण गं? तू का?"

"अप्पा!... लीद आहे ती."

"असं होय. माझ्या वेळी पोरं डोळ्यांचं कौतुक करायची. काळ बदलला."

डॉक्टर येऊनही जायचा. कधी जंतांच्या तपासणीचा निकाल सांगायला (जंत नव्हते), कधी पोट सावरणारी पूड द्यायला, तर कधी 'इकडूनच चाललो होतो' म्हणून. इकडून कुठेच जाता येत नव्हतं, रस्ता तबेल्यापाशीच संपत होता. त्यानं आता काळे रबरी बूट घातले होते. ती खरारा करायची, तो पलीकडे कुंपणाला टेकून उभा राहायचा, आणि घोड्याच्या पाठीवरून बोलणं चालायचं.

"अहो, तुम्ही कधी सुट्टी घेता?"

"मामंजी घेऊ देतात का? पहाटेचं गवत माझ्याच हातून लागतं."

"म्हणजे कधीच कुठे गेला नाहीत?"

"कुठे जायचं?"

"कुठेही... डोंगरावर. समुद्रावर."

"समुद्र नाही पाहिला मी," ती म्हणाली. त्यात खंत नव्हती, जसं कुणी सांगावं की मी चहात साखर घेत नाही. पण डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. इतका की मामंजींनी शेपटीचा एक सणसणीत फटका त्याच्या कानशिलात दिला.

"सासरे बघताहेत," ओसरीवरून अप्पा.

पण पोट काही पुरतं थांबत नव्हतं. सुधारलं होतं, हे खरं. चार दिवस छान गोळे, की पाचव्या दिवशी पुन्हा पाणी. पहिली तारीख जवळ येत चालली. रात्री अंथरुणावर पडून ती मनातल्या मनात आईला म्हणायची, तू सांगितलंस तसंच करतेय गं मी सगळं. मग कुठे चुकतंय?

आणि एका सकाळी ती गवताचा भारा घेऊन बाहेर पडली तर फाटकाशी डॉक्टर उभा! अजून धड उजाडलं नव्हतं. हलकी सर येऊन गेली होती, दुसरी येण्याच्या बेतात होती. केस भिजलेले, बॅग पोटाशी धरलेली.

"तुम्ही? एवढ्या पहाटे?"

"कालचा फोटो... मी मोठा करून बघत होतो."

"लीदीचा?"

"मला तेवढेच फोटो पाठवता तुम्ही," तो म्हणाला, आणि स्वतःच गोरामोरा झाला. "त्यात काहीतरी चमकत होतं. म्हणून म्हटलं, यांचं खाणं एकदा डोळ्यांनी बघावं."

"बघा की." तिनं मामंजींना नेहमीसारखं अंगणात आणलं, भारा सोडला, आणि गवत हातानं पसरून जमिनीवर घातलं. मामंजींनी मान खाली घातली आणि ओठांनी चाचपत, फुरफुरत खायला सुरुवात केली.

डॉक्टर हलला नाही. "जाळीत नाही घालत तुम्ही?"

"बाकीच्यांना अप्पा जाळीत घालतात. यांची जाळी नुसतीच टांगलेली, यांना मी जमिनीवरच घालते. आईनं सांगितलंय."

"आणि ही वाळू? ही कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यात चिखलात घोडे घसरायला लागले, तेव्हा अप्पांनी सगळ्या अंगणात..." ती बोलता बोलता थांबली. मामंजींच्या ओठांना वाळूचे कण चिकटले होते. बारीक, चमकणारे.

डॉक्टरनं एक मोठी काचेची बरणी मागितली. तिनं स्वयंपाकघरातली बिस्किटांची बरणी रिकामी करून आणली. मामंजींनीही फार ताटकळत ठेवलं नाही. "वरची वरची घ्या," डॉक्टर म्हणाला, "खालची वाळू मिसळायला नको." तिनं मोजा घालून लीद बरणीत टाकली, त्यानं पाणी ओतलं, काठीनं ढवळलं, आणि बरणी ओसरीच्या कठड्यावर ठेवली. दोघं शेजारी शेजारी उभे राहून तिच्याकडे बघू लागले. जशी माणसं चंद्र उगवण्याची वाट बघतात तशी.

गढूळ पाणी हळूहळू निवळत गेलं, आणि बरणीच्या तळाशी वाळूचा एक जाड, स्वच्छ थर बसला. त्यांच्याच अंगणातली वाळू.

"आत याहून कितीतरी असेल," तो म्हणाला. "आतड्याला सारखी घासत असणार. या एवढ्यावरून पक्कं म्हणता येत नाही, पण पोट ऐकलं की कळेल."

त्यानं मामंजींना पत्र्याखाली घेतलं, गुडघे टेकून पोटाच्या अगदी खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला. तेवढ्यात ती दुसरी सर आली. पत्र्यावर असा ताशा सुरू झाला की काही ऐकू येईना.

"थांबू," तो म्हणाला.

थांबले. तो खाली गुडघ्यांवर, ती घोड्याच्या खांद्याशी. मामंजी गवताची एक काडी चघळत होते. पावसाचा वास, घोड्याच्या अंगाची ऊब, आणि त्याच्या शर्टाला येणारा औषधी साबणाचा वास... पाऊस थांबावा असं तिला वाटत होतं. थांबू नये असंही वाटत होतं.

थांबला.

त्यानं बराच वेळ डोळे मिटून ऐकलं. मग कानातल्या नळ्या काढून तिच्यापुढे धरल्या. "ऐका."

ती त्याच्या शेजारी बसली. आधी नुसतीच गुरगुर. मग... दूर कुठेतरी काहीतरी सरसरत आलं, फुटलं, आणि मागे ओसरलं. पुन्हा आलं. पुन्हा ओसरलं.

"हे काय आहे?" ती कुजबुजली.

"वाळू. आतडं हललं की ती सरकते." तोही कुजबुजत होता. "समुद्र असाच वाजतो."

तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "म्हणजे मीच हे केलं? बाकीचे घोडे जाळीतलं खाऊन धडधाकट. आणि मी रोज नेमानं... आईला दिलेला शब्द पाळत पाळत... मीच यांना वाळू चारली?"

"अहो, इकडे बघा." चाचरणं कुठल्या कुठे गेलं होतं. घोड्याशी बोलतानाचा तो आवाज आज पहिल्यांदा तिच्या वाट्याला आला. "आईंनी जमिनीवर घाल म्हणून सांगितलं. वाळूवर घाल म्हणून नाही सांगितलं. तेव्हा इथे वाळू नव्हती. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. घोड्यानं मान खाली घालूनच खावं. दाढा सारख्या झिजतात, नाक मोकळं राहतं. तुम्ही आईचा शब्द धरलात. आता आईचं मन धरा."

ती नाक ओढून म्हणाली, "म्हणजे काय करायचं?"

"खाली जाड रबरी चटई घालायची. तिच्यावर गवत. रोज झाडून घ्यायची. एवढंच. आणि चूक माझीही आहे. जाळी टांगलेली दिसली आणि मी गृहीत धरलं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं."

"पहिल्या दिवशी तुमचं लक्ष बुटाकडे होतं."

"बुटाकडे नव्हतं," तो म्हणाला.

मामंजी फुरफुरले. दोघं दचकून उभे राहिले.

"डॉक्टर," ती बोटांनी ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "खरा समुद्र याच्यासारखाच वाजतो?"

"याच्याहून मोठा. पण सूर हाच." तो थांबला. "ज्या दिवशी मामंजींच्या पोटातला समुद्र आटेल ना, त्या दिवशी मी तुम्हाला खरा दाखवीन. शब्द देतो."

त्यानं अप्पांकडून एक महिना मागून घेतला. अप्पांनी बरणीतली वाळू बघितली, मग आपण पसरलेली वाळू बघितली. "पुढच्या पहिल्या तारखेला मात्र ट्रक येणार," एवढंच म्हणून ते आत गेले. रिंगणात टाकायला म्हणून आणलेली मोठी रबरी चटई मात्र दुपारी मामंजींच्या दाराशी टेकून ठेवलेली आढळली.

मग आतली वाळू बाहेर काढायला ईसबगोल. भिजवलेल्या ईसबगोलाचा तो बुळबुळीत लगदा डॉक्टरनं आधी नळीनं दिला, नंतर तिनं खाण्यात कालवून. मामंजींनी बादली उलटी केली. पुन्हा कालवला. पुन्हा उलटी. शेवटी डॉक्टरनं त्यांच्यासमोर उकिडवं बसून समजूत घातली, "अहो, सुनेनं एवढं केलंय, दोन घास खाऊन तरी बघा." मामंजींनी खाल्लं. पण 'सुनेनं' हा शब्द त्या तबेल्यात दिवसभर तरंगत राहिला. रोज बरणी भरायची, रोज तळाशी वाळू बसायची. आधी जाड थर, मग पातळ, मग नुसती चिमूट.

पहिल्या तारखेला ट्रक आला.

ट्रकवाल्यानं मागचं फळकूट पाडलं. अप्पा ओसरीवर, चष्मेवाल्या बाई लेकीसह फाटकाशी, डॉक्टर कुंपणाला धरून, आणि मधोमध ती मामंजींची दोरी धरून उभी. शेपटी पांढरीशुभ्र, हवेवर हलत होती.

"बरा दिसतोय," ट्रकवाला म्हणाला.

"दिसण्यावर नाही," अप्पा म्हणाले. "दिवसभर बघू. पातळ झालं तर चढव."

मामंजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढी माणसं आपल्यासाठी जमलीत हे त्यांना पसंत पडलेलं दिसलं. आणि मग त्यांनी सावकाश, मोठ्या मानानं शेपटी उचलली.

तिनं डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घेतलं.

टप्. टप्. टप् टप् टप्.

डोळे उघडले तर चटईच्या कडेला गोळ्यांची एक रास! घट्ट, गोल, एकसारखे, वाफाळणारे. कडेला पाण्याचा टिपूस नाही.

"अय्या, किती गोल!" चष्मेवाल्या बाईंच्या लेकीनं टाळ्या पिटल्या. "आई, मी त्याच्यावरच बसणार!"

डॉक्टरनं मात्र स्टेथोस्कोप काढला, पोटाखाली बसला, आणि एवढा वेळ ऐकत राहिला की ट्रकवाल्यानं एक जांभई दिली. मग उठला, आणि नळ्या तिच्या हातात दिल्या. तिनं ऐकलं. गुरगुर होती, भुकेली, समाधानी गुरगुर. लाट नव्हती.

"आटला," तो म्हणाला.

"चला, उचला फळकूट," अप्पा ट्रकवाल्यावर खेकसले. "चहा घेऊन जा. उगाच हेलपाटा पडला तुला."

सगळे ओसरीकडे गेले. ती दोघं राहिली, आणि मधे घोडा. डॉक्टर मामंजींच्या आयाळीतली एक गाठ सोडवत होता, जी मुळात गाठ नव्हतीच.

"अहो... एक विचारू? आता मी औषधासाठी यायचं कारण राहिलं नाही."

"नाही राहिलं," ती म्हणाली.

"पण आलो, तर... यांना काय हाक मारायची, ते ठरवायला हवं. मामंजी तर तुम्ही म्हणता. मी काय म्हणायचं?"

"त्यात काय ठरवायचं?" ती सवयीनं म्हणाली. "मी मामंजी म्हणते, म्हणजे तुम्ही यांना बाबा—"

आणि शब्द ओठांवरच थांबला. अप्पांची ती जुनी थट्टा तिला आठवली... घोड्याचा मुलगा! तिच्या कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या. तिनं तोंड मामंजींच्या मानेत लपवलं.

पलीकडे डॉक्टरनं दोन्ही हात जोडले आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाबा, तुमची हरकत नाही ना?"

बाबांनी त्याच्या खिशातून गाजर काढून घेतलं.

"अगं," तो तिला म्हणाला, पहिल्यांदाच, "उद्या पहाटे निघू. समुद्र लांब आहे."

तिचा चेहरा मानेतून वर आला. "पहाटे? पहाटे कसं येणार मी? मामंजींचं गवत..."

नेम म्हणजे नेम, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. "मग ज्या दिवशी जमेल त्या दिवशी," तो म्हणाला. "शब्द काही शिळा होत नाही."

पण दुसऱ्या दिवशी अंधूक उजेडात ती नेहमीसारखी भारा आणायला गेली, तर भारा जागेवर नव्हता. फाटकापाशी एक मोटरसायकल इंजिन बंद करून ढकलत आणलेली उभी होती आणि डॉक्टर हात चोळत, काहीच न कळून, उभा होता. "मला अप्पांनी फोन करून बोलावलं," तो कुजबुजला. "म्हणाले, पांढरे बूट घालून या. वाळूत खराब होत नाहीत."

ओसरीच्या पायरीवर अप्पा गवताचा भारा पोटाशी धरून बसले होते.

"जा," ते म्हणाले. डोळे भाऱ्याकडेच.

"अप्पा, तुम्ही...? तुम्ही तर त्यांच्याकडे..."

"तिनं फक्त तुलाच सांगितलं होतं असं वाटतं तुला?" अप्पा म्हणाले. "मलाही सांगितलं होतं. मीही मान हलवली होती. पण त्याच्याकडे बघितलं की तीच दिसायची गं... आणि तू इतक्या नेमानं करत होतीस की माझा नंबरच लागला नाही." त्यांनी नाक पुसलं. "आता जा. आणि डॉक्टर, संध्याकाळच्या आत आणा हिला. सासरे फार कडक आहेत."

ती मागच्या सीटवर बसली. मोटरसायकल फाटकाबाहेर ढकलतच नेली त्यानं, घोडे दचकू नयेत म्हणून. वळणावर तिनं मागे पाहिलं. अप्पा उठले होते. अंगण ओलांडून, भारा काखेत मारून, बिचकत बिचकत त्या कप्प्याकडे चालले होते. दाराशी ते थांबले, वाकले, तळहातानं चटई झाडली. पुन्हा एकदा झाडली.

"चला बाबा," त्यांचा आवाज तिला अस्पष्ट ऐकू आला. "जेवून घ्या."